तिसऱ्या चौकोनातली खूण

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, अविवाहित, राहणार पहिल्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत, माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तेवढे ठिकाणावर नाही असे डॉक्टर म्हणतात, पण कायद्याला डोक्याशी मतलब असते. हे लिहायला मला कोणी बसवलेले नाही, कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाने एखादे निघालेच तर ते खोटे समजून फाडून टाकावे.

कलम १. मी मोठ्या कॅन्सर रुग्णालयात सव्वीस वर्षे नोकरी केली. पुढच्या कलमांचा अर्थ लागावा म्हणून त्या नोकरीविषयी चार ओळी लिहितो. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा नखाएवढा तुकडा, तिच्या शेजारच्या चांगल्या भागाचा तेवढाच तुकडा आणि रोग्याच्या रक्ताच्या दोन नळ्या गोळा करून संशोधनासाठी जपून ठेवणे हे माझे काम. मी बर्फाची पेटी घेऊन थिएटरच्या दाराशी उभा राहत असे. आतून डबी हातात पडली की घड्याळ बघायचे आणि जिना उतरायचा. वीस मिनिटांत तुकडा नायट्रोजनच्या टाकीत गेला नाही तर तो बिघडतो. लिफ्टसाठी मी कधी थांबलो नाही. कुपीवर नाव लिहायचे नाही, फक्त क्रमांक. नाव आणि क्रमांक यांची सांगड घालणारी वही वेगळ्या कपाटात, वेगळ्या माणसाच्या किल्लीखाली.

आमच्या विभागाला सगळे बँक म्हणत. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, माझ्यासाठी मुली बघायची तेव्हा मुलीकडच्यांना सांगायची की भाऊ बँकेत आहे. कोणती बँक ते दुसऱ्या भेटीत कळायचे आणि तिसरी भेट व्हायची नाही. मला त्याचे फारसे वाईट वाटले नाही. ताईला वाटायचे.

कलम २. माझी दोन मनगटी घड्याळे, दोन चिमटे, जाड निळे हातमोजे आणि न पुसणाऱ्या शाईची पेने ही सध्या त्या विभागात काम करणाऱ्या मुलीला द्यावीत. ती मला काका म्हणते आणि माझे अक्षर लावताना कंटाळत नाही. तिला एक सूचना: संमतीपत्रावर रोग्याची सही घ्यायची ती आदल्या दिवशी दुपारी, माणूस जेवून जरा टेकलेला असताना. ऑपरेशनच्या सकाळी घेऊ नये. त्या वेळी माणूस कशावरही सही करतो. मी हे सव्वीस वर्षे पाहिले आणि सोयीचे होते म्हणून सकाळीच सही घेत राहिलो.

कलम ३. या दोन खोल्या, त्यातल्या कपाटांसह आणि पंख्यांसह, माझी एकुलती एक भाची, म्हणजे ताईची मुलगी, हिला मी देत आहे. तिने विकाव्यात, भाड्याने द्याव्यात की राहावे यात कोणी नाक खुपसू नये. स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी डावीकडे उचलून मग ओढावी लागते, सरळ ओढली तर हातात येते.

कलम ४. बँकेत, म्हणजे खऱ्या बँकेत, जे काही शिल्लक निघेल ते रुग्णालयामागच्या मुक्कामघराला द्यावे. बाहेरगावाहून आलेल्या रोग्यांची माणसे तिथे राहतात. खोल्यांत गाद्या नवीन घालाव्यात. सध्याच्या गादीवर एक दुपार झोपून पाहावे म्हणजे मी हे का लिहिले ते कळेल.

कलम ५. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना माझी निळी बादली देत आहे. त्यांच्या न्हाणीघरातले पाणी अकरा वर्षे माझ्या छतातून ज्या जागी ठिबकते त्या जागेखाली ती अकरा वर्षे ठेवलेली आहे. माझ्यानंतर ती त्यांनी स्वतः खाली येऊन नेमाने रिकामी करावी.

आमच्या विभागाच्या जुन्या मोठ्या सरांना मी काही देत नाही. माझ्या जिवावर गोळा झालेल्या नमुन्यांवर त्यांनी जो निबंध छापला, त्याच्या आभारांत कॅन्टीनवाल्याचे नाव आहे, माझे नाही. हे मी मनात धरून बसलो होतो. आता पुढचे कलम लिहायला घेतल्यावर त्याचे काही वाटेनासे झाले आहे, तरी लिहिलेले खोडत नाही.

कलम ६. ताईचे शिलाई मशीन, तिची कात्री आणि टेप भाचीच्या मुलीकडे, म्हणजे माझ्या नातीकडे जावे. नात एकवीस वर्षांची आहे आणि तिला शिवायला येत नाही, पण मशीन चांगले आहे.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई-वडील लवकर गेले तेव्हा तिने माझ्या शाळेच्या कपड्यांपासून कॉलेजच्या फीपर्यंत सगळे या मशीनवर निभावले. तिच्या छातीत गाठ निघाली ती सोळा वर्षांपूर्वी. मी तिला आमच्याच रुग्णालयात आणले. मला अभिमान होता की माझ्या ओळखीने तिला दोन दिवसांत खाट मिळाली.

आता मूळ गोष्ट. त्याच्या दोन वर्षे आधी संमतीपत्राचा नवा फॉर्म आला होता. त्यात चार प्रश्न आणि प्रत्येकापुढे हो आणि नाही असे दोन चौकोन. तिसरा प्रश्न असा: संशोधनात पुढे तुमच्या किंवा तुमच्या रक्ताच्या नातेवाइकांच्या प्रकृतीविषयी काही महत्त्वाचे आढळले तर ते तुम्हाला कळवावे का? माणसाने हो म्हटले की आणखी एक फॉर्म, समुपदेशकाची भेट, घरचे दोन पत्ते, दर वर्षी फोन करून पत्ता बदलला का ते विचारणे. रोज सकाळी चार-पाच ऑपरेशने आणि मी एकटा. म्हणून मी संध्याकाळी घरी जाण्याआधी दुसऱ्या दिवशीच्या फॉर्मांचा गठ्ठा पुढ्यात घ्यायचो आणि सगळ्यांवर आधीच खुणा करून ठेवायचो: पहिल्याला हो, दुसऱ्याला हो, तिसऱ्याला नाही, चौथ्याला हो. सकाळी फक्त सही. कोणी कधी विचारले नाही. मोठ्या सरांनी तर कामाचा उरक म्हणून माझी पाठ थोपटली. निवृत्त होईपर्यंत सहा वर्षे मी हे केले.

ताईच्या ऑपरेशनच्या सकाळी मी त्याच गठ्ठ्यातला एक फॉर्म तिच्यापुढे धरला. तिने चष्मा काढून ठेवलेला होता. तिने विचारले, "यातलं काही वाचायला हवं का रे?"

मी म्हणालो, "काही नाही गं, नेहमीचंच आहे."

तिने सही केली आणि पेन मला परत देताना टोपण लावून दिले. तासाभराने तिच्या गाठीचा तुकडा मी स्वतः खाली नेला. कुपीवर घातलेला क्रमांक मी तीनदा ताडून पाहिला, म्हणून तो मी आजवर विसरलो नाही. दोन वर्षांनी ताई गेली.

कलम ७. ~~माझ्या टेबलाच्या खणात एक बंद लिफाफा आहे. माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांच्या आत तो भाचीच्या हाती द्यावा. त्यात असे लिहिले आहे की ताईच्या जपून ठेवलेल्या रक्तात, आईकडून मुलीकडे जाऊ शकणारा दोष संशोधकांना सापडला आहे. तो भाचीकडे आला असण्याची शक्यता निम्मी आहे आणि तिच्याकडे असेल तर नातीकडेही तितकीच. दोघींनी ताबडतोब तपासून घ्यावे. निवृत्तीनंतरही मी महिन्यातून एकदा जुन्या नोंदींचे अक्षर लावून द्यायला विभागात जात असे. तिथे एक संशोधक मुलगी संगणकावरची यादी वाचत म्हणाली की अकरा नमुन्यांत दोष आढळला, पण अकराही जणांनी कळवू नका असे लिहून दिले आहे, तेव्हा आपल्याला काही करता येत नाही. यादीत चौथा क्रमांक ताईचा होता. त्या खुणा माझ्या आहेत हे मी तिला सांगितले नाही, आणि नंतर कोणालाच सांगितले नाही. भाचीने शक्य झाल्यास मला क्षमा करावी.~~

(कलम ७ मी स्वतः खोडले आहे. वाचता येईल इतपतच खोडले आहे, कारण मी काय करणार होतो ते कागदावर राहिले पाहिजे. खोडल्याचे कारण कलम ८ मध्ये आहे.)

कलम ८. वरचा मजकूर मी ९ मार्चला लिहून पुरा केला आणि दुसऱ्या दिवशी साक्षीदाराच्या सहीसाठी आमच्या वॉर्डातल्या जुन्या मोठ्या सिस्टरना बोलावले. सिस्टर माझ्याहून तीन वर्षांनी लहान, गुडघे गेलेले, जिभेची धार शाबूत. मला वाटले होते की त्या खाली सही करतील, चहा पितील आणि जातील. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. बादलीच्या कलमाला हसल्या. कलम ७ पाशी थांबल्या आणि ते दोनदा वाचले.

मग त्यांनी विचारले की हे तुम्हाला कधी कळले. मी सांगितले, दोन वर्षे चार महिने झाले. त्यांनी पेनाचे टोपण बंद केले.

"त्या सगळ्या फॉर्मांवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही गठ्ठा पुढे करायचात आणि मी औषधं वाटता वाटता सह्या ठोकायचे. एकही वाचला नाही. हा कागद मी वाचलाय, म्हणून याच्यावर सही करणार नाही. तुमचं हृदय आणखी दहा वर्षं चाललं तर पोरीने तोवर काय करायचं?"

खरे सांगायचे तर मी त्या प्रश्नाभोवतीच दोन वर्षे फिरत होतो. रोज ठरवायचो की उद्या सांगू. भाचीसमोर बसलो तर तोंडातून निघेल या भीतीने तिच्याकडे जायचे बंद केले, मग तिचे फोन घ्यायचे बंद केले. तिला वाटले असेल मामा म्हातारपणी तिरसट झाला. मी तिला तसे वाटू दिले, कारण ते सोपे होते. मृत्युपत्रात लिहायचे सुचले तेव्हा तर मला आपण फार मोठे काही करतो आहोत असे वाटले होते. मेलेल्या माणसाला कोणी समोर उभे करून विचारत नाही, एवढाच त्यातला मोठेपणा.

१२ मार्चला दुपारी मी भाचीकडे गेलो. दार तिनेच उघडले. तिचे केस बोटभर लांबीचे होते, नुकते उगवल्यासारखे, आणि भुवया पेन्सिलने काढलेल्या. कॅन्सर रुग्णालयात सव्वीस वर्षे काढलेल्या माणसाला विचारावे लागत नाही. मी दारातच उभा राहिलो. तिने आत ये म्हटले, खुर्ची दिली, पाणी दिले. दुसऱ्या एका रुग्णालयात आठ महिन्यांपूर्वी ऑपरेशन झाले, मग औषधे, आता बरे आहे, असे तिने शेजाऱ्याला सांगावे तसे सांगितले.

तेव्हा माझ्या मनात आले की आता बोलून काय उपयोग. हेही लिहून ठेवतो. खुर्चीतून उठून निघून जायला मी अगदी तयार होतो. तेवढ्यात नात कामावरून आली, मला बघून खूश झाली, आणि आतल्या खोलीत गेली. ती एकवीस वर्षांची आहे. मग मी बोललो. फॉर्म, खुणा, यादी, क्रमांक, सगळे सांगितले.

माझे बोलणे संपल्यावर भाचीने फक्त विचारले की मला कधी कळले. तिथे मला खोटे बोलता आले असते. गेल्या आठवड्यात म्हणालो असतो तर तिला कळायला काही मार्ग नव्हता. मी खरे सांगितले. तिने बोटांवर महिने मोजले, मागे मागे, अगदी सावकाश.

"म्हणजे तेव्हा गाठ नव्हती," ती म्हणाली. "किंवा असली तर मुगाएवढी."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"गाठ हाताला लागली तेव्हा मी पहिला फोन तुला केला होता, मामा. डॉक्टरच्याही आधी. तीनदा केला. तू उचलला नाहीस."

तो फोन मला आठवतो. टेबलावर वाजत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसलो होतो. मला वाटले सणासमारंभाचे आमंत्रण असेल, नाही म्हणायला कारण शोधावे लागेल. माझ्या आयुष्यात मी केलेल्या गोष्टींपैकी एकच परत करायला मिळाली तर मी तो फोन उचलीन. फॉर्मवरच्या खुणा त्याच्यानंतर.

तिने सांगितले की तिच्या डॉक्टरांनी आईच्या आजाराचे काही कागद, काही तपासणी आहे का असे विचारले होते, आणि तिने नाही म्हणून सांगितले होते. मग ती उठून आत गेली. आत दोघींचे बराच वेळ बोलणे चालले होते, मला शब्द कळत नव्हते. बाहेर आल्यावर तिने विचारले, "आणि बाकीचे दहा?"

बाकीच्या दहांचा विचारच माझ्या मनात आला नव्हता, हे मी तिला सांगितले आणि इथेही सांगतो.

कलम ९. १३ मार्चला मी रुग्णालयाच्या नीतिसमितीकडे लेखी अर्ज दिला. त्यात म्हटले आहे की नवा फॉर्म आल्यापासून मी निवृत्त होईपर्यंतच्या सहा वर्षांतल्या सर्व संमतीपत्रांवर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर रोग्यांनी दिलेले नसून मी दिलेले आहे, ते उत्तर रद्द धरावे आणि ज्यांच्या नमुन्यांत दोष आढळला त्या घरांना शोधून कळवावे. सिस्टरनी न वाचता केलेल्या सह्यांची हकिगत स्वतःच्या हाताने लिहून त्याला जोडली. अर्जाची पोच या मृत्युपत्राला टाचली आहे. समितीने मला दोनदा बोलावले. अकरापैकी सहा घरांचे पत्ते लागले. त्यांपैकी दोन घरांत कळवण्याजोगे कोणी उरलेले नाही. ती माणसे याच रोगाने गेली का हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते, विचारीन.

त्या विभागात मी चांगले कामही केले. माझ्या हातून गेलेल्या नमुन्यांतला एकही तुकडा उशिरामुळे वाया गेला नाही. लोकांनी आपल्या अंगाचा भाग अनोळखी माणसांच्या भल्यासाठी दिला आणि मी तो नीट सांभाळला. ज्याने दिला त्याला मात्र मी साधा प्रश्न विचारला नाही. संशोधन वाईट होते असे कोणी यातून समजू नये. ताईचे रक्त त्या टाकीत राहिले म्हणूनच आज नातीला काही कळणार आहे. नातीने रक्त दिले आहे. अहवाल तीन आठवड्यांनी येईल. तो तिच्याच हातात येणार आहे, आणि काय लिहून आले ते तिने मला सांगावे की नाही हे तिच्या मर्जीवर आहे.

कलम १०. आज १७ एप्रिल. सिस्टर सकाळी आल्या आणि त्यांनी नवी कलमे वाचून सही करायची तयारी दाखवली. दुसरा साक्षीदार म्हणून मी समोरच्या औषधवाल्याला सांगून ठेवले होते. त्याच्याआधी भाची आली. मी तिला बोलावले नव्हते. सिस्टरनी बोलावले असावे. तिने सगळे कागद मागितले आणि खिडकीपाशी बसून वाचले. कलम ७ खोडलेले होते तरी बोट ठेवून वाचले. वाचून झाल्यावर म्हणाली की औषधवाल्याला येऊ नको म्हणून सांग, दुसरी सही मी करते.

भाची दस्तनोंदणीच्या कार्यालयात बावीस वर्षे नोकरी करते. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचा हिस्सा बुडतो, हे ती रोज दहा जणांना समजावते. तरीही मी तिला म्हटले की कलम ३ मध्ये घर तुझ्या नावावर लिहिले आहे, तू सही केलीस तर ते तुला मिळणार नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच करते आहे."

मी म्हटले, अगं, एवढे तरी घे.

"घर घेतलं तर तुला वाटेल, फिटलं," ती म्हणाली, आणि पेन मागितले.

कलम ३ मी खोडत नाही. तिच्या सहीने ते आपोआप पडेल, आणि मग या खोल्या नातीकडे जाव्यात. भाचीचा याला होकार नाही, नकारही नाही. मला क्षमा करावी असे मी कलम ७ मध्ये लिहिले होते. ते मी पुन्हा लिहीत नाही आणि तिच्याकडे मागितलेलेही नाही. दर रविवारी दुपारी येऊ का, एवढे विचारले. ती म्हणाली, आधी फोन कर.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, स्वतः वाचला आणि दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर शेवटपर्यंत वाचला. त्यानंतर मी त्यांच्यासमोर आणि त्यांनी माझ्यासमोर सही केली.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १७ एप्रिल, सकाळी साडेअकरा

लिहून देणार: (सही) निवृत्त तंत्रज्ञ, नमुना संग्रह विभाग

साक्षीदार पहिली: (सही) निवृत्त परिचारिका. संपूर्ण वाचून सही केली.

साक्षीदार दुसरी: (सही) लिहून देणाऱ्याची भाची. संपूर्ण वाचून, परिणाम समजून सही केली.